सुईचा अबोला

माझी धाकटी अकरा वर्षांची असल्यापासून सुईवर जगते. साखरेचा आजार, पण म्हातारपणी होतो तो नव्हे. हा लहानपणीच जडतो आणि गोळ्यांना जुमानत नाही. दिवसातून चार वेळा पोटात नाहीतर मांडीत इन्सुलिन टोचायचं, ते आहे तर पोरगी आहे. "दोन दिवस चुकलं तर मुलगी हातची जाईल," असं डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. मी चौथी शिकलेली, पण एवढं एकदा सांगितलेलं मला जन्मभर पुरलं. चाळीस माणसांची खानावळ चालवायचे मी. पहिली पंगत उठायच्या आत तिची सुई, मग दुसरी पंगत. तिला नोकरी लागेपर्यंत एकही सुई माझ्या नजरेआड झाली नाही.

आता ती बेचाळीसची आहे. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. एकटी राहते. लग्न टिकलं नाही, तो विषय वेगळा.

दोन वर्षांपूर्वी तिच्या दुकानातली माणसं माझ्याकडे जेवायला आली होती. मालक, मालकीण, आणखी चारजण. वाढता वाढता मी नेहमीसारखं विचारलं, "सुई घेतलीस का गं?" आवाज माझा खानावळीतला, शेवटच्या पानापर्यंत पोचायची सवय. सगळ्यांचे हात थांबले. तिच्या दुकानात म्हणे कुणाला ठाऊकच नव्हतं. पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"आई, यापुढे सुईचं नाव काढलंस तर मी या घराची पायरी चढणार नाही."

मी काय कुणाचं ऐकून घेणारी आहे? म्हटलं, "नाही काढणार. जिभेवर आलं तर जीभ चावीन. पण मग तूही कधी रडत येऊ नकोस माझ्याकडे."

"नाही येणार."

"ठरलं?"

"ठरलं."

आमच्या घरात अबोल्याची रीत जुनी आहे. माझ्या सासूबाई आणि त्यांची जाऊ नऊ वर्षं एका ओट्यावर स्वयंपाक करत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या. मीठ हवं असलं तर भिंतीला सांगायच्या. त्यातली पहिली बोलली ती हरली, असा हिशेब. मी त्या घरात पस्तीस वर्षं मुरलेली. आमचा मायलेकींचा अबोला मात्र निराळा होता. बाकी सगळ्यावर भरपूर बोलायचं, भांडायचं, फक्त सुईवर बोलायचं नाही. दोन वर्षं मी तो पाळला. ती जेवायच्या आधी दोन मिनिटं आतल्या खोलीत जायची, मी तेवढा वेळ पातेल्याकडे बघायचे. बाहेर आली की वाढायला घ्यायचे. एवढंच माझं विचारणं.

मग यंदा तिनं फोन केला. परदेशात, समुद्रकाठी योगाचं शिबिर आहे, दहा दिवसांचं, चल म्हणाली.

"मला कसला योग शिकवतेस? साठ वर्षं वाकूनच काढली."

"म्हातारी माणसं खुर्चीवर बसून करतात, आई."

"म्हातारी कोण?"

तरी गेले. लेकीनं बोलावलं की कुठली आई मागे राहते?

विमानतळावर शिबिराची गाडी आली होती. ड्रायव्हर तोंडाला कुलूप लावून बसलेला. मी दोनदा हसून बघितलं, तो ढिम्म. रस्ता समुद्राला चिकटून जात होता. हंगाम संपला असावा. दुकानांची शटरं खाली होती, खुर्च्या एकीवर एक रचून साखळीनं बांधलेल्या, आणि वाळूत एक लाल निशाण रोवलेलं, त्याच्याजवळ चिटपाखरू नव्हतं. धाकटी खिडकीला डोकं टेकून झोपली होती, तोंड उघडं. ड्रायव्हर आरशातून तिच्याकडे बघत होता. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा माझी आणि त्याची नजर आरशातच भेटली. मी असं बघितलं की पुढचा सगळा रस्ता त्यानं मान वळवली नाही.

शिबिराच्या जागेला पाटी नव्हती. पांढरी उंच भिंत आणि लोखंडी दार. गाडी आत गेल्यावर दार आपोआप मागे लागलं. त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. लोखंडी दार आणि आवाज नाही, हे मला पहिल्याच क्षणी खटकलं.

अंगणात चपलांचं मोठं कपाट होतं. सवय आहे मला, चपला मोजल्या की आत किती पानं मांडायची ते कळतं. तीस जोड होते. माणसं दिसली अकरा. खालच्या दोन फळ्यांवरच्या चपलांवर बोटभर धूळ होती, आणि एका बायकी बुटात कोळ्यानं जाळं विणलं होतं. ज्यांच्या चपला आत आहेत ती माणसं कुठे आहेत, असा विचार करत मी माझ्या चपला हातातच धरून उभी राहिले.

"काकू, या या! दमलात ना?"

आपली भाषा ऐकून मी दचकले. तिशीतली बाई, अनवाणी, अंगावर मळकट पांढरे कपडे, आणि हसू असं की कुणीतरी गालांना चिमटे लावून ठेवलेत. मी तिचं नाव तिथल्या तिथे हसरी ठेवलं.

"तू आपल्याकडची गं?"

"हो ना. दहा दिवसांसाठी आले होते."

"मग?"

"चार वर्षं झाली!" असं म्हणून ती खळखळून हसली.

मी धाकटीकडे बघितलं. ती त्या चार वर्षांवर अशी खूश दिसली की जणू कुणी तिला साडीची घडी उलगडून दाखवतंय.

मग तो आला. शिकवणारा. उंच, बारीक, लांब मान, पांढरे केस मागे बांधलेले. बोलताना एक पाय वर घेऊन दुसऱ्याला टेकवायचा. बगळा. त्याची भाषा मला कळत नव्हती, हसरी सांगत होती. आवाज इतका हळू की सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागत होतं. त्यासाठीच हळू बोलत असणार. गिऱ्हाईकाला जवळ ओढायची ही युक्ती मला कुणी शिकवायला नको.

"ते म्हणतात, शरीराला सगळं येतं," हसरी म्हणाली. "आपणच मध्ये मध्ये करतो."

धाकटीचे डोळे भरून आले. डोळे तपासणारी माझी लेक, तिचे डोळे असे मी फार वर्षांत बघितले नव्हते.

"उद्या सकाळपासून तीन दिवस मौन," हसरीनं पुढे सांगितलं. "कुणी कुणाशी बोलायचं नाही."

"अबोला म्हण की सरळ," मी म्हटलं. "त्यासाठी विमानात कशाला बसवलंत? आमच्या घरी फुकट मिळतो."

हसरी हसली. धाकटी हसली नाही.

मग टोपली फिरली. फोन, घड्याळं, आणि ज्याच्यावाचून आपल्याला चैन पडत नाही असं काहीही त्यात टाकायचं. एका जाड्या माणसानं सिगारेटचं पाकीट टाकलं आणि सगळ्यांकडे बघून मान हलवली, जणू पोरगी सासरी धाडली. एका बाईनं तोंडाला लावायची क्रीम टाकली. टोपली आमच्यापुढे आली. धाकटीनं आधी फोन टाकला. मग खांद्यावरच्या पिशवीत हात घालून निळा बटवा काढला आणि तोही टाकला.

निळा बटवा मी ओळखते. त्यात तिची इन्सुलिनची पेनं, सुया आणि साखर तपासायचं यंत्र असतं. पोरगी मोरीत जाताना चपला विसरेल, पण तो बटवा विसरणार नाही.

शब्द पार दातांपर्यंत आला. तिनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, वाट बघितल्यासारखं. मी जीभ चावली. खरोखरच चावली, रक्ताची चव आली. मनाला म्हटलं, ही काही दूधखुळी नाही, बेचाळीस वर्षांची आहे. औषध गारव्यात ठेवावं लागतं, म्हणून दिलं असेल. एक पेन खिशात ठेवलं असेल. तुला काय करायचंय? ठरलंय ना तुमचं?

टोपली पुढे गेली.

खोली स्वच्छ होती, नको तेवढी. दोन खाटा, दोन पांढऱ्या चादरी, एक पाण्याचा तांब्या. आरसा नव्हता, घड्याळ नव्हतं. दाराला आतून कडी नव्हती. मी दोनदा चाचपून बघितलं. कडीच्या जागी चार भोकं होती, खिळे काढून घेतलेले. समुद्राचा आवाज खिडकीतून यायला हवा, तो फरशीखालून येत होता, कुणीतरी खाली ओझं सरकवत असल्यासारखा.

"कडी काढून टाकलीय गं. अशा जागी माणूस झोपतो कसा?"

"आई, प्रत्येक गोष्टीत खोट काढू नकोस ना."

"खोट नाही काढत, कडी शोधतेय."

ती भिंतीकडे तोंड करून पडली. मी माझी खाट ओढून दाराला लावली.

सूर्य बुडायच्या वेळी जेवायला बोलावलं. मी आधी स्वयंपाकघरात डोकावले, पाय आपोआप तिकडे वळतात. स्वयंपाकीण जाडजूड, कपाळावर आठ्या. मी दारात उभी राहिले तरी तिनं वर बघितलं नाही. भांडी घासून उपडी ठेवलेली, तव्यावर डाग नाही, जमिनीवर एक साल नाही. चाळीस वर्षांत मी असं स्वयंपाकघर बघितलं नव्हतं. तिथे एवढ्या माणसांना जेवू घालतात याची काही खूण नव्हती. ताटात पडल्या उकडलेल्या भाज्या आणि पपईच्या फोडी, मोठ्या, पिकलेल्या.

धाकटी जेवायच्या आधी कुठेही उठून गेली नाही. सरळ बसली आणि पपई खाल्ली. माझ्याही ताटातली उचलली. मग पाणी प्याली, एक पेला, दुसरा, तिसरा, आणि मधला तांब्या आपल्याकडे ओढून घेतला.

खोलीत टोचून आली असेल, मी म्हटलं मनात. मी स्वयंपाकघरात डोकावत होते तेव्हा. नाहीतर गच्चीवर गेली होती तेव्हा.

समोर बगळा बसला होता. तो तिच्याकडे बघून मंद हसत होता. मी त्याच्यावर डोळा ठेवला. हसरीवर ठेवला, ड्रायव्हरवर ठेवला, तो कुंपणाशी उभा राहून हसरीच्या कानात काहीतरी सांगत होता आणि आमच्याकडे बोट करत होता. त्या संध्याकाळी त्या जागेतल्या प्रत्येक माणसावर माझी नजर होती. शेजारी बसलेल्या माणसावर सोडून.

उजाडलं तेव्हा घंटा झाली आणि मौन सुरू झालं. खोलीतला तांब्या रिकामा होता. मोरीतलं पाणी पिऊन आलेली धाकटी ओल्या हनुवटीनं चटई उचलत होती. तिचे ओठ पांढरे दिसत होते. मी हातानंच विचारलं, काय गं? तिनं हातानंच सांगितलं, काही नाही.

वर्ग गच्चीवर होता, समुद्राकडे तोंड करून. मला कोपऱ्यात खुर्ची दिली होती. बाकीचे चटयांवर मांडी घालून. पाणी राखाडी, आभाळही राखाडी, मधली रेघ कुठे दिसत नव्हती. खाली दूर एक बाई कमरेइतक्या पाण्यात उभी होती, हलत नव्हती, आणि तिला कुणी हाक मारत नव्हतं.

बगळ्यानं हात वर केला. सगळ्यांनी श्वास घ्यायला सुरुवात केली. खोल, जोरात, भराभर, नाकातून आत आणि नाकातून बाहेर. अकरा माणसांचा तो भात्यासारखा आवाज. मला वाटलं गच्चीच श्वास घेतेय. मी डोळे मिटायच्या भानगडीत पडले नाही.

घंटा वाजली. सगळे थांबले.

एकच श्वास थांबला नाही.

खोल, जोरात, भराभर. छाती वर येत होती, पोट आत जात होतं, दोन श्वासांमध्ये जागाच नव्हती. बगळ्यानं मान डोलावली. त्याला वाटलं बाई फार मनापासून करतेय. शेजारच्या जाड्यानं कौतुकानं बघितलं. मला मात्र तो श्वास ठाऊक होता. इतक्या वर्षांपूर्वी, अकरा वर्षांची पोर खाटेवर अशीच धापा टाकत होती, आणि शेजारीपाजारी म्हणत होते, धावून आली असेल.

मी खुर्चीवरून उठले. गुडघे दुखले की नाही आठवत नाही. तिच्यापाशी वाकले आणि वास आला. कुजायला टेकलेल्या फळाचा, नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा. तोच.

"सुई घेतलीस का?"

सगळ्या गच्चीवर माझा आवाज गेला. समुद्रावरही गेला असेल. दहा माणसं गर्रकन वळली. हसरीनं ओठांवर बोट ठेवलं.

"बोट काढ," मी म्हटलं. "धाकटे, सुई घेतलीस का?"

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघून हसली. दमलेल्या माणसाला गादी दिसावी तसं. मग बाजूला वाकून ओकली.

मी हसरीचा दंड धरला. "तुम्ही लोकांनी औषध काढून घेतलंत तिचं! तो बटवा आण. निळा. आत्ता. नाहीतर हा तुमचा बगळा समुद्रात टाकते."

"काकू, आम्ही कुणाचं औषध घेत नाही. घेतच नाही! पहिल्या कागदावरच विचारतो."

"बटवा आण!"

ती धावली. बगळ्यानं धाकटीला आडवं केलं, डोक्याखाली चटईची गुंडाळी दिली. हसरी बटवा घेऊन आली. मी चेन ओढली आणि चटईवर उपडा केला.

कंगवा. दोन केसांच्या पिना. ओठांना लावायची डबी. एक जुना रुमाल, घडी घातलेला.

मी बटवा उलटा झटकला. पुन्हा झटकला. अस्तरात हात घातला.

"काकू," हसरी म्हणाली. तिच्या हातात कागद होता आणि तोंडावरचं हसू पहिल्यांदाच उतरलं होतं. "हा आपल्या भाषेतला, त्यांनी भरून पाठवलेला. आजार आहे का, तिथे त्यांनी 'नाही' लिहिलंय. चालू औषधं, 'नाहीत'."

अक्षर धाकटीचंच. ती 'ह'ला नेहमी जास्त वेलांटी काढते.

मी तिच्या तोंडाशी कान नेला. "कुठे आहे औषध? पिशवीत आहे? खोलीत?"

"घरी," ती म्हणाली. "फ्रिजमध्ये. दाराच्या कप्प्यात." मग बराच वेळ श्वास. "फक्त दहा दिवस बघायचं होतं, आई. सुईशिवाय मी कशी असते. बघितलंच नाही कधी."

"दहा दिवस तू राहणार नाहीस गं!"

"माहितीये," ती म्हणाली.

गाडी आणायला सांगावं लागलं नाही. ड्रायव्हर जिन्यातच उभा होता. आदल्या दिवशी कुंपणाशी तो हसरीला हेच सांगत होता, नव्या बाईचा रंग बरा दिसत नाही, गाडीत दोन बाटल्या पाणी प्याली, विचारा तिला. हसरीनं विचारलंही होतं. धाकटी म्हणाली होती, प्रवासाचा शीण. जाड्यानं आणि बगळ्यानं तिला चटईसकट उचललं. अंगणातून जाताना आणि मग गाडीतही हसरी रडत रडत मला काय काय सांगत होती. कडी म्हणे काढली कारण मागे एक पाहुणी मोरीत घेरी येऊन पडली होती आणि दार फोडावं लागलं. धुळीच्या चपला जाताना लोक टाकून गेले, त्या गरजूंना द्यायच्या राहिल्या. ती पाण्यातली बाई स्वयंपाकीण होती, तिची कंबर दुखते, थंड पाण्यात बरं वाटतं. मी काही विचारलं नव्हतं. ती सांगत राहिली आणि मी ऐकत राहिले, आणि एकेक गोष्ट माझ्यासमोर साधी होत गेली, माझ्या मांडीवर डोकं ठेवलेलं माणूस सोडून.

गावातला दवाखाना दोन मजली, दारात चाकांची खुर्ची. डॉक्टरीण तरुण, केस आखूड. तिनं वासावरूनच ओळखलं. पाच मिनिटांत दोन्ही हातांना सलाईन, छातीला वायरी. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि काहीतरी विचारलं. हसरी म्हणाली, "शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं, विचारतायत. नक्की वेळ हवीय."

एकतीस वर्षं. लहानपणीच्या कुठल्या सुईला तिनं तोंड वाकडं केलं, कुठल्या सुईला झोपेतच मांडी पुढे केली, मला सांगता आलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

हसरीनं ते त्या भाषेत सांगितलं. डॉक्टरिणीनं पुन्हा विचारलं, तिला वाटलं मला प्रश्न कळला नाही. "मला माहीत नाही," मी पुन्हा म्हटलं. मग तिनं धाकटीलाच गाल थोपटून जागं केलं. धाकटी जे बोलली ते हसरीनं मला सांगताना आधी भिंतीकडे बघितलं. घर सोडायच्या आदल्या दिवशी सकाळी शेवटचं. आणि त्याआधी महिनाभर ती निम्मंच घेत होती. कमी कमी करत.

महिनाभर. त्या महिन्यात ती चार रविवार माझ्याकडे जेवली होती. आतल्या खोलीत जायची, दोन मिनिटांनी बाहेर यायची, आणि मी वाढायला घ्यायचे. आत ती काय करत होती, देव जाणे. नुसती उभी राहत असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या डोळ्यांत ओळख आली. साखर उतरली होती. मूत्रपिंडाचं अजून दोन दिवस काही सांगता येणार नाही, असं डॉक्टरीण म्हणाली होती. बगळा सकाळी येऊन तासभर बाकावर बसून गेला, दोन्ही पाय जमिनीवर. थोरल्या लेकाला मी फोन केला, तो मिळेल त्या विमानानं निघाला होता. निघताना फोनवर ओरडला, "आई, तू तिच्याबरोबर होतीस! तू विचारलं कसं नाहीस?"

मी खुर्ची खाटेला लावली.

"एक सांग मला. मरायचंच होतं तर एकटी यायचीस. मला कशाला आणलंस?"

"मरायचं नव्हतं."

"मग?"

"एकटीची भीती वाटत होती." तिनं ओठ ओले केले. "दादाला आणलं असतं तर त्यानं विमानतळावरच बॅग उघडून बघितली असती. मैत्रिणींनी तासातासाला विचारलं असतं. सगळ्यांत तूच एक होतीस जी विचारणार नाहीस. तुझा शब्द म्हणजे शब्द."

जन्मभर मी हे चारचौघांत ऐकायला टपलेली बाई. पंगतीत, लग्नात, भावकीच्या भांडणात, कुणीतरी म्हणावं, बाई शब्दाची पक्की. म्हणाली ती एकटी, त्या खाटेवरून. मला तिच्याकडे बघवेना. मी सलाईनच्या नळीत पडणारे थेंब बघत बसले.

"मी विचारलं शेवटी," मी म्हटलं.

"हो. उशीर केलास पण." ती रागानं म्हणाली की बरं वाटून म्हणाली, मला कळलं नाही. लहानपणी तिचा आवाज मला कळायचा.

नर्स आली. तिच्या हातात नवं पेन होतं, करड्या रंगाचं, सुई लावलेलं, वर टोपण. जेवणाआधीचं. डॉक्टरिणीनं सांगितलं होतं की आता पेशंट शुद्धीवर आहे, तिचं तिला घेऊ द्या, हाताला सवय राहू दे. नर्सनं पेन धाकटीच्या तळहातावर ठेवलं, माझ्याकडे बघून मान हलवली आणि दुसऱ्या खाटेकडे गेली.

धाकटीनं पेन फिरवून बघितलं. टोपण काढलं नाही.

"घेतेस ना?" मी विचारलं.

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल लावत होतं. ती तिकडे बघत राहिली.

"बघते," ती म्हणाली.